सोनं त्याले, खड्डा गावले

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन आठवडाही उलटला नव्हता. खान्देशातल्या आमच्या तालुक्याच्या गावी जुनी सार्वजनिक बाग आहे आणि तिथल्या दोन मोठ्या कडुलिंबांना दर आखाजीला माहेरवाशिणींचे झोके बांधले जातात. त्या झाडांखाली एका पहाटे दोन तरुण कानाला हेडफोन लावून मेटल डिटेक्टर फिरवताना दिसले. त्यांना चांदीचं एक जोडवं, नाकातली सोन्याची फुली, पाच-सहा चालू नाणी आणि १८६२ साल छापलेला एक राणीछाप रुपया मिळाला. तेव्हापासून गावात पेटलेला वाद अजून विझलेला नाही. एक बाजू म्हणते, हे गुप्तधन काढणारे आहेत, पोलिसांत द्या. दुसरी म्हणते, मातीत पडलं होतं, कुणी विचारत नव्हतं, ज्याला सापडलं त्याचं. दोघेही तावातावाने बोलतात आणि दोघांच्याही बोलण्यात माल किती आणि तो कुणाचा यापलीकडे काही येत नाही. ज्या मातीतून तो निघाला त्या मातीबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगतो. सार्वजनिक बागेत सापडेल ते खिशात घालण्यासाठी खणणं थांबलं पाहिजे. मात्र यंत्रावर सरसकट बंदी घालून आणि पोरांना चौकीत बसवून ते थांबवणं चूक आहे. नगरपालिकेने परवानगी द्यावी, एक वही ठेवावी आणि या पोरांना हाताशी धरावं. हरवलेली वस्तू माणसाकडे परत जावी. जुनी वस्तू निघाली तर ती कुठे, किती खोल आणि कशाच्या शेजारी होती हे लिहिल्याशिवाय जागची हलू नये.

‘गुप्तधनवाले’ हा शिक्का मारणाऱ्यांना तो शब्द किती जड आहे याची जाणीव नसावी. गुप्तधनाच्या नादाने महाराष्ट्रात पायाळू पोरांचा शोध घेतला गेला, अमावास्येला घरातल्या घरात खड्डे खणले गेले, माणसांचे जीव गेले. २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या शोधासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचा वेगळा उल्लेख करावा लागला तो उगाच नाही. उजाडता उजाडता, रस्त्यावरून दिसेल अशा जागी, विज्ञानाचं साधन हाती धरून फिरणाऱ्या पोरांना त्या रांगेत उभं करणं अन्याय आहे. मांत्रिकाच्या नादी लागण्यापेक्षा पोरगं तारेच्या वेटोळ्याच्या आणि विजेच्या नादी लागलं, यात मला तरी आनंदच वाटतो. त्यांच्यातल्या एकाला मी विचारलं तेव्हा त्याने राणीछाप रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम असतं हे लगेच सांगितलं, आणि १९४० साली रुपयातली चांदी निम्म्यावर आणली गेली हेही. इतका अभ्यास करणाऱ्याला गाव चोर म्हणणार असेल तर पुढच्या वेळी तो दिवसाउजेडी येणार नाही, रात्री येईल.

पण ‘ज्याला सापडलं त्याचं’ म्हणणाऱ्यांनीही यंत्र कसं चालतं ते नीट बघावं. चकतीतल्या तारेच्या वेटोळ्यातून उलटसुलट वीज वाहते, तिच्यामुळे जमिनीत चुंबकीय क्षेत्र उतरतं, ते धातूला भिडलं की धातूत विजेचे लहान भोवरे उठतात आणि त्यांची चाहूल वरच्या वेटोळ्याला लागते. आवाजाच्या पट्टीवरून लोखंड आणि तांबं बऱ्यापैकी वेगळं ओळखू येतं. बारीक सोनं आणि अॅल्युमिनियमचा तुकडा मात्र जवळजवळ एकाच आवाजात बोलतात. त्यामुळे सोन्याची आशा धरणाऱ्याला डब्याचं झाकण, गोळ्यांच्या पाकिटाची चंदेरी पट्टी, बाटलीचं बूच, सगळ्यासाठी खणावं लागतं. एका फुलीमागे खड्डे किती पडले असतील? आणि ते कुठल्या दिवसांत? वैशाखात, पारा चव्वेचाळीसवर असताना, जेव्हा बागेतली हिरवळ टँकरच्या पाण्यावर कशीबशी तग धरून असते. कसलेला छंदी मातीचा गोल खुंट सगळ्या मुळांसकट उचलतो आणि तसाच परत बसवतो, हे मला मान्य आहे. पण बघून बघून आलेल्या दहा जणांना ते कुणी शिकवलं? आमच्या बागेच्या म्हाताऱ्या माळीबाबांनी सगळ्या वादाचा निकाल एका वाक्यात लावला: ‘सोनं त्याले, खड्डा गावले.’ सोनं त्याला, खड्डा गावाला.

आता त्या फुलीचं बघू. ती गुप्तधन नाही, ती हरवलेली वस्तू आहे, आणि या दोहोंत कायदाही फरक करतो. १८७२च्या करार कायद्यातलं ७१वं कलम सांगतं की दुसऱ्याची वस्तू सापडली आणि आपण ती ताब्यात घेतली, तर ठेव सांभाळणाऱ्याची जबाबदारी आपल्यावर येते. मालक कोण हे ठाऊक असताना, किंवा शोधणं शक्य असताना, न शोधता ती वापरली तर तो गुन्हा होतो. जुन्या दंडसंहितेतलं हे कलम भारतीय न्याय संहितेत ३१४ क्रमांकाने आलं आहे. आखाजीच्या झोक्याखाली आठवड्याच्या आत मिळालेल्या फुलीची मालकीण शोधणं अशक्य कसं? झोके कुठल्या गल्लीतल्या मुलींनी बांधले होते हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. माझ्या मोठ्या आत्याची अशीच फुली त्याच झाडांखाली पडली होती. मी आठेक वर्षांचा होतो. चार दिवस घरातल्या बायका त्या मातीत बोटं घालून बसल्या होत्या. आत्या सासरी परत गेली ती नाकात काडी घालून, आणि सासूने तिला त्यावरून जे ऐकवलं ते तिने माझ्या आईला पुढे कितीतरी वर्षं सांगितलं. तेव्हा हे यंत्र असतं तर दहा मिनिटांचं काम होतं. म्हणून मला यंत्राचा राग नाही. राग आहे तो फुली थेट सराफाच्या तराजूत मोड म्हणून पडते याचा. मोडीत वजन उरतं, फुली उरत नाही.

राणीछाप रुपयाची गोष्ट निराळी. त्याचा मालक आज कुणी सांगू शकणार नाही. इथे १८७८चा निखात निधी कायदा पुढे येतो. दहा रुपयांहून जास्त किमतीचं, जमिनीत दडलेलं काहीही मिळालं तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं, नाही कळवलं तर हिस्सा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. शिवाय १९७२च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपूर्वीचं नाणं पुरावस्तू ठरतं. या कायद्यांवर जो आक्षेप घेतला जातो तो विरोधकांचा सगळ्यात बळकट मुद्दा आहे आणि तो मी पूर्ण मान्य करतो. १८७८ साली दहा रुपये म्हणजे चांदीचे दहा खणखणीत रुपये होते. आज एका तांब्याच्या शिवराईसाठीही दहा रुपयांहून जास्त मोजावे लागतात. अक्षरशः वागायचं तर प्रत्येक चवली-पावलीसाठी जळगावला, धुळ्याला नाहीतर नंदुरबारला अर्ज घेऊन जावं लागेल. कोण जाईल? मग माणूस घाबरतो आणि घाबरलेला माणूस वस्तू वितळवतो. भरतपूरजवळ बयाना इथे १९४६ साली गुप्तांच्या सोन्याच्या नाण्यांचा मोठा साठा निघाला, तेव्हा अधिकारी पोहोचण्याआधीच त्यातली काही नाणी वितळून गेली होती. कायद्याचा धाक पुरावा वाचवतोच असं नाही, कधीकधी तो पुरावा नाहीसा करतो.

तरीही या कायद्याला सापडणाऱ्याचा वैरी म्हणणं बरोबर नाही. धन बेवारस ठरलं आणि जागामालकाने हक्क सांगितला तर, वेगळा करार नसल्यास, तीन हिस्से सापडणाऱ्याला आणि एक हिस्सा मालकाला, अशी त्यात वाटणी आहे. लोकांना हे ठाऊकच नाही. दोष आहे तो दुसरीकडे. सरकारने वस्तू स्वतःकडे घ्यायची ठरवली तर ऐवजाची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यायचा, असं कलम आहे. म्हणजे कायदाही नाण्याकडे मोडीच्याच नजरेने बघतो. सराफ, सरकार आणि सापडणारा, तिघांच्याही हातात तराजूच असेल तर त्या नाण्याला जे सांगायचं आहे ते ऐकायचं कुणी?

नाणं काय सांगतं, याचं उत्तर आमच्या शेजारच्या जिल्ह्यात आहे. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. १३,०००हून जास्त नाणी, सगळी क्षहरात वंशातल्या नहपान राजाची. त्यातल्या ९,०००हून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा स्वतःचा ठसा मारलेला. नाशिकच्या लेण्यांत गौतमीपुत्राच्या आईचा लेख आहे, त्यात त्याने क्षहरात वंश निखंदून टाकल्याचं म्हटलं आहे. मुलाचं कौतुक कुठली आई करत नाही? त्या एका लेखावर इतिहासकारांनी किती विसंबायचं? पण हरलेल्या राजाचा चेहरा तसाच ठेवून त्यावर जिंकणाऱ्याने ठोकलेला शिक्का हजारोंच्या संख्येने एकाच जागी निघाला आणि त्या लेखाच्या पाठीशी साक्षीदार उभा राहिला. आता कल्पना करा की तोच साठा तेरा जणांनी तेरा पहाटांना थोडा थोडा उचलला आहे. बाजारात सुटी नाणी आली असती, काही ठसा असलेली, काही नसलेली. दोन-तृतीयांशांहून जास्त नाण्यांवर नवा शिक्का होता हे कुणाला कधी कळलं असतं? चांदी तेवढीच राहिली असती आणि इतिहास गेला असता.

दायमाबादची कथा याहून बोलकी आहे. प्रवरेकाठच्या त्या गावी १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाच्या बुडाशी खणताना रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी चार जडशीळ ब्राँझ शिल्पं मिळाली. ती वितळली नाहीत, संग्रहालयांत पोहोचली, हे आपलं भाग्य. त्या शेतकऱ्याचा यात काही दोष नव्हता. आपल्या पायाखाली काय आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. पण ती कोणत्या थरात पडली होती, त्याच थरात कसली खापरं होती, हे बघायला जाणता माणूस तेव्हा तिथे नव्हता. पुढे पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी तिथे रीतसर उत्खनन केलं, थर मांडले, आणि ही शिल्पं उत्तर हडप्पा काळातली असल्याचं मत मांडलं गेलं. दुसऱ्या काहींनी धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणाकडे बोट दाखवून त्या काळाविषयी शंका घेतली. शिल्पं समोर आहेत, हात लावून बघता येतात, आणि तरी वाद मिटत नाही. हातभर मातीची नोंद असती तर तो बहुधा उभाच राहिला नसता.

याच दायमाबादच्या सगळ्यात तळाच्या थरात जी संस्कृती आहे तिला पुरातत्त्वज्ञ सावळदा म्हणतात, आपल्या तापीकाठच्या सावळद्याच्या नावाने. ती ओळखली गेली खापरांवरून. गिरणेकाठच्या बहाळला १९५२-५३ साली आणि तापी-गोमाईच्या संगमावरच्या प्रकाशाला १९५४-५५ साली उत्खननं झाली, तिथेही थरांचा हिशोब प्रामुख्याने खापरांनीच लावून दिला. चाळीसगावजवळच्या पाटण्याला शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळाले, सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचे. खापर आणि कवच यांवरून यंत्र फिरलं तर ते गप्प बसतं. ज्याला फक्त धातू ऐकू येतो तो खान्देशाचा बहुतेक सगळा इतिहास कुदळीने बाजूला फेकतो आणि त्याला ते कळतही नाही. गावच्या पांढरीतली, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावरची, माती आपल्या आजोबा-पणजोबांनी धाब्याच्या घरांवर टाकायला नेली, शेतात खत म्हणून नेली, त्यात किती गेलं असेल! त्यांना माहीत नव्हतं. आपल्याला माहीत आहे.

यावर एका शेतकरी मित्राने मला चांगलं पेचात पकडलं. तो म्हणाला, ‘नाना, थर-बिर तुमच्या टेकाडावर असतील. ही बाग काळ्या मातीत आहे. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वरचं खाली जातं, पावसाळ्यात जमीन फुगते आणि मिटते. परवाची अंगठी आणि शंभर वर्षांची शिवराई एकाच खोलीवर मिळेल. मग नोंद ठेवून काय हाती लागणार?’ त्याचं म्हणणं खोटं नाही. कापसाची काळी जमीन स्वतःला नांगरते. खोलीवरून काळ ठरवणं अशा बागेत कठीणच. पण भेग वस्तूला खाली नेते, बागेच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला नेत नाही. कुठल्या कोपऱ्यात काय मिळालं हे तरी शाबूत राहतं. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी चालली, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना आणि आपल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. १८६२ साल असलेले रुपये पुढेही पाडले जात होते, म्हणून एका नाण्यावरून काही ठरवता येणार नाही. पण तसे दहा-बारा रुपये बागेच्या एकाच अंगाला निघाले आणि दुसऱ्या अंगाला नुसत्या शिवराया आणि भोकाचे पैसे निघाले, तर बाग होण्याआधी कापसाचा सौदा कुठे होत होता आणि भाजीवाल्या कुठे बसत होत्या, हे आपल्याला कळेल. १८८०चं खान्देशचं गॅझेटियर आठवडे बाजारांची माहिती देतं, त्या बाजारात कोण कुठे बसत होतं ते देत नाही. ते फक्त या मातीला ठाऊक आहे. आणि खड्डा खणून, रुपया खिशात टाकून, माती लोटून दिली की तिलाही ते सांगता येत नाही.

इंग्लंडचं उदाहरण छंदवाले देतात आणि ते दिलंच पाहिजे. तिथे १९९६चा कायदा आहे, मौल्यवान साठा मिळाला तर चौदा दिवसांत कळवायचं बंधन आहे, आणि साध्यासुध्या सापडलेल्या वस्तूंच्या नोंदीची, १९९७ साली सुरू झालेली राष्ट्रीय योजना चालते. तिच्यात दहा लाखांहून जास्त वस्तू नोंदल्या गेल्या आहेत. २००९ साली स्टॅफर्डशरला सोन्याचा मोठा साठा एका छंदी माणसालाच मिळाला आणि बक्षिसाची रक्कम त्याच्यात आणि जमीनमालकात विभागली गेली. हे सगळं खरं. पण ते यंत्रांमुळे झालं की नोंदीमुळे? तिथे सापडलेली वस्तू घेऊन जावं असा माणूस जिल्ह्या-जिल्ह्यात बसवला आहे, तो वस्तू बघतो, तिचा फोटो आणि जागा लिहून घेतो आणि बहुतेक वस्तू परत देतो. आपल्याकडे यंत्र ऑनलाइन मागवता येतं. तो माणूस आपण नेमलेला नाही. अर्धं इंग्लंड आणून भागत नाही.

आणि नोंद नसली की काय होतं, हे बघायला फार लांब जायला नको. मार्च २०२५मध्ये असीरगडाखालच्या शेतांत सोन्याची नाणी मिळत असल्याची आवई उठली, एका ऐतिहासिक चित्रपटानंतर, आणि लोक रात्री टॉर्च आणि मेटल डिटेक्टर घेऊन शेतं खणायला उतरले. असीरगड म्हणजे फारुकी सुलतानांचा बळकट किल्ला, १६०१ साली अकबराने घेतला. शेजारचं बऱ्हाणपूर ही खान्देशची जुनी राजधानी, मुघलांची टांकसाळ तिथली. तिथे नाणी असणं अशक्य मुळीच नाही. म्हणूनच ती खणाखणी माझ्या मनाला जास्त लागली. कुणाला खरंच काही मिळालं असेल तर ते सांगायला कोण पुढे येणार आहे?

आणखी एक गोष्ट या वादात कुणीच बोललं नाही आणि ती मला बोलायची आहे. भंगार वेचणारी पोरं दोरीला लोहचुंबक बांधून नदीच्या घाटावर नाणी काढतात. आजची पोलादी नाणी चुंबकाला चिकटतात. या पोरांना लोक हाकलतात, कधी मारतातही. त्याच गावात महागडं यंत्र घेतलेल्या मुलाचा रुपयासोबतचा फोटो सगळीकडे फिरतो. दोघांचं काम एकच असताना नियम दोन कसे? आपल्याकडे झारेकरी पिढ्यान् पिढ्या सराफ बाजारातली धूळ धुऊन सोन्याचे कण वेगळे काढत आले. पण ते दुकानातला केर विकत घेतात, विचारून नेतात. मातीत शोधणं हा आपल्याकडे कधी कलंक नव्हता. विचारून शोधायचं, एवढीच रीत होती.

तीच रीत बागेला लावायला नगरपालिकेला फार मोठा खर्च नाही. ओळखपत्र बघून वर्षाची परवानगी, महागडं यंत्र असो की दोरीचा चुंबक, दोघांना सारखीच. खणायचं ते पावसाळा संपल्यावर, हिरवळ सावरते तेव्हा, झाडांच्या बुंध्यापासून दूर आणि वीतभराहून खोल नाही. त्याहून खोल आवाज आला तर खूण करून थांबायचं. कचेरीत एक वही आणि बागेचा चौकटी आखलेला नकाशा. दागिना मिळाला तर तीन महिने फलकावर सूचना. मालकीण आली नाही तर पुढे काय करायचं ते कायद्याने. जुनं नाणं, खापर, मणी निघाला तर महाविद्यालयातल्या इतिहासाच्या शिक्षकाला बोलवायचं आणि जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचा अर्ज सापडणाऱ्याच्या नावाने कचेरीनेच लिहायचा, म्हणजे त्याचा कायदेशीर हिस्साही बुडत नाही आणि धाकही उरत नाही. धुळ्यात इतिहासाचार्य राजवाड्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आहे. गावोगाव फिरून, लोकांच्या माळ्यांवरची रुमालात बांधलेली दप्तरं सोडवून कागद वाचवणाऱ्या माणसाच्या नावाची संस्था जिथे आहे, त्या मुलखात एक वही ठेवायला माणूस मिळणार नाही असं कसं म्हणायचं?

परवा त्या दोघांतला एक माझ्याकडे आला होता. फुली अजून विकलेली नाही, म्हणाला. ‘नाना, गल्लीत विचारायला गेलो तर मारतील.’ मी म्हटलं, मी येतो बरोबर. उद्या सकाळी जाणार आहोत. जाण्याआधी त्याला बागेत न्यायचं आहे, तो राणीछाप रुपया नेमका कुठे मिळाला ते विसरायच्या आत दाखवायला. दोनशे पानी वही मी घेऊन ठेवली आहे.